न आलेल्या पाहुण्याची राखण

वरपाड्याच्या रूपलीबाईकडे लोक काय काय ठेवून जातात हे ऐकलं, तर बँकेतला माणूसही तोंडात बोट घालील. दिवाळी सरली की अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत उतरतो. जाताना कोंबड्या, घराच्या किल्ल्या, चालता न येणारी सासू आणि मुख्य म्हणजे पुढच्या पेरणीचं बियाणं, हे सगळं रूपलीबाईच्या ओसरीवर येऊन पडतं. मका, भगर, उडीद, तूर. प्रत्येकाचं बी ती राखेत घोळवते, कडुनिंबाचा पाला घालते आणि शेणाने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत भरून तोंड बंद करते. कोणती कणगी कोणाची हे तिलाच विचारायचं. आजवर एकाचं बी दुसऱ्याच्या शेतात गेलेलं नाही.

पण तिचं नाव झालं ते राखण्यापेक्षा परत देण्याच्या रीतीमुळे. पावसाच्या तोंडावर माणसं घरी आली की ती कणगी उघडते, मूठभर दाणे तळहातावर घेते आणि सगळ्यांसमोर सांगते, हे चांगलं आहे, पेरा. किंवा सांगते, याला भुंगा लागला, माझ्याकडेच लागला, हे कोंबड्यांना टाका. सख्खा दीर वाहरू, त्याचा उडीद एका वर्षी तिच्याच ओसरीवर किडला. दुसरी कोणी असती तर वरचे चार चांगले दाणे दाखवून मोकळी झाली असती. उगवलं नाही तर पावसाला बोल लावता येतोच. रूपलीबाईने भर अंगणात सांगितलं. वाहरू कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. पुढच्या वर्षी बियाणं मात्र तिच्याकडेच घेऊन आला. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि अभिमान झाकून ठेवायची तिला मुळीच सवय नव्हती.

खांडबाऱ्याचा सलाउद्दीन पत्र्याच्या धान्यकोठ्या बनवतो आणि धडगावच्या बाजारात आणून विकतो. डोंगरातल्या घराघरात त्याची कोठी आहे, एक रूपलीबाईचं घर सोडून. दर हंगामात तो तिला कोठी दाखवायचा आणि ती बोटाने पत्रा वाजवून म्हणायची, "मन्ही कणगी श्वास लेस, भाऊ. तुन्ही कोठीमा बी गुदमरी मरस." सलाउद्दीन हसायचा, चहा पाजायचा आणि कोठी परत जागेवर ठेवायचा. गिऱ्हाईक म्हणून ती कुचकामी, पण माणूस म्हणून तिच्याबद्दल त्याला फार आदर होता.

म्हणूनच त्याची मुलगी अर्शिया जेव्हा म्हणाली की मला डोंगराच्या माथ्यावर तीन वर्षं एक ठेव ठेवायची आहे आणि तिला कोणी हात लावता कामा नये, तेव्हा सलाउद्दीनने विचारही केला नाही. "बेटा, उसके लिए पूरे जिल्हे में एकच औरत है," तो म्हणाला.

अर्शिया पदार्थविज्ञान शिकलेली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम करते. तिच्या मोठ्या सरांना हे काम दुसऱ्या एका डोंगरावर करायचं होतं, जिथे तारेचं कुंपण आहे, चौकीदार आहे, डांबरी रस्ता आहे. अर्शियाने हट्ट धरला की मी हे माझ्या जिल्ह्यात करून दाखवते. सरांनी मान्य केलं, पण ज्या चेहऱ्याने केलं तो तिच्या लक्षात राहिला. काम फसलं असतं तर बोट तिच्याकडेच दाखवलं जाणार होतं.

बापलेक जीपने आले तेव्हा रूपलीबाई चुलीपुढे होती. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ मळत होती. तिची घरची बोली पावरी, अर्शियाच्या घरी खानदेशी वळणाचं उर्दू. दोघींची गाठ पडली ती बाजारच्या अहिराणीत, आणि तिथे दोघींनाही काही अडत नाही.

"माय, आभायमाथून एक पाव्हना येवानी वाट देखनी शे," अर्शिया म्हणाली.

"कोन पाव्हना?"

अर्शियाने इकडेतिकडे पाहिलं. तिला काय सांगायचं ते ठाऊक होतं, कसं सांगायचं ते नव्हतं. मग तिची नजर परातीतल्या पिठावर गेली. माय, ती म्हणाली, हा दगड, ते झाड, तू, मी, सगळं बारीक दाण्यांचं बनलंय. त्या दाण्यांच्या आत आणखी बारीक दाणे, त्यांना क्वार्क म्हणतात. आपल्या सगळ्या दुनियेच्या पिठात त्यांची दोनच धान्यं आहेत, जशी तुझ्या परातीत ज्वारी आणि उडीद. पण तिसरंही एक धान्य आहे. त्याचं नाव स्ट्रेंज, म्हणजे विचित्र. जड असतं. मोठमोठ्या यंत्रांत कणावर कण आपटले की ते निघतं, आणि निघाल्याबरोबर, पापणी लवायच्या आत, नासून जातं. म्हणून आपल्या भाकरीत ते कधी दिसत नाही.

रूपलीबाईचा हात पिठात थांबला. नासणाऱ्या धान्याची गोष्ट म्हणजे तिच्या घरची गोष्ट.

पण काही शास्त्रज्ञ म्हणतात, अर्शिया पुढे म्हणाली, की तिन्ही धान्यं सारखी घेतली आणि पुरेसा मोठा गोळा मळला, तर तो गोळा नासतच नाही. लोखंडाहून पक्का होतो, कायमचा टिकतो. आभाळात काही तारे मरताना इतके दाबले जातात की त्यांच्यातला चमचाभर ऐवज डोंगराएवढा भरेल. त्यांच्या पोटात हे असलं पीठ मळलेलं पडलं असेल. असे दोन तारे एकमेकांवर आदळले तर त्याचे कण उडतील, आणि फिरत फिरत एखादा कण आपल्या डोंगरावरही पडेल.

"तू देखेल शे तो?"

"मी नई देखेल. कोनीच नई देखेल, माय. शे का नई, तेच देखनं शे."

रूपलीबाईने भाकर थापली, तव्यावर टाकली आणि ती फुगेपर्यंत बघत राहिली. "कधीच शिळी न होनारी भाकर," ती म्हणाली. "अशी भाकर माले जमती तं पोरेसले ऊसतोडले जाताना बांधी देती." आणि मग म्हणाली, "ठेव तुन्हं काय शे ते. देव बी कोनी देखेल शे? तरी वाट देखतसच ना."

टेकडीच्या माथ्यावर तिच्या शेताच्या वरच्या अंगाला चार लोखंडी सांगाडे उभे राहिले. सलाउद्दीनने ते स्वतः वेल्डिंग करून आणले होते. प्रत्येकावर पारदर्शक प्लास्टिकच्या पानांचे गठ्ठे, वहीसारखे एकावर एक. आभाळातून जड कण आला की या पानांमधून आरपार जातो आणि डोळ्याला न दिसणारी जखम करून जातो. पुढे ती पानं कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवली की जखमेच्या जागी खड्डा पडतो, आणि खड्ड्याच्या मापावरून कळतं की कोण येऊन गेलं. पाड्याने सांगाड्यांना मचाण म्हणायला सुरुवात केली, कारण शेतातल्या मचाणावर बसून पाखरं राखतात तसंच हे काहीतरी राखण्यासाठी होतं. अर्शियाने दोनच गोष्टी सांगितल्या, कोणी हात लावायचा नाही आणि जागेवरून हलवायचं नाही. उघड्या माथ्यावर कोणी चूल मांडील हे तिच्या मनातही आलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यात गुराख्यांनी एका मचाणाला शेळी बांधली. नंतर एक नटबोल्ट गायब झाला. रूपलीबाईने गुराख्यांच्या सात पिढ्या काढल्या, पण रोज उठून शिव्या देणं तिलाही जमणारं नव्हतं. ती सरळ दिवाल्या पुजाऱ्याकडे गेली. पाड्याच्या शिवेवर वाघदेव आहे, लाकडात कोरलेला, वर सूर्यचंद्र. त्याच्या हद्दीतलं वाळलेलं पानही कोणी उचलत नाही. ती म्हणाली, माझी मचाणं त्या हद्दीत घे.

दिवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. हे देव आहे की सरकार, त्याने विचारलं.

"पाहुणा आहे," रूपलीबाई पावरीत म्हणाली. "पाहुणा शिवेवरून येतो. मग तो पहिला वाघदेवालाच दिसणार ना?"

दिवाल्याला हे पटलं. असलं काही आपल्याला सुचलं नाही याचं त्याला थोडं वाईटही वाटलं. त्याने हद्दीचा दगड उचलून मचाणांच्या पलीकडे नेऊन रोवला आणि शेंदूर लावला. नटबोल्ट दुसऱ्याच दिवशी परत आला, मचाणाखाली गुपचूप ठेवलेला. अर्शिया पुढच्या खेपेला आली तेव्हा तो शेंदूर पाहून पोट धरून हसली आणि म्हणाली की असं कुंपण कुठल्याच प्रयोगशाळेला मिळालेलं नाही.

रूपलीबाई रोज सकाळी काठी घेऊन वर जायची. चारही मचाणांभोवती फेरी मारायची, कावळे हाकलायची, खाली यायची. सून रविना फोनवर चिडवायची, "आत्या, पाहुण्याला चहा देऊन आल्या का?" चिडवणं ठीक, पण दुसऱ्या वर्षी तिकडे उसाच्या फडावरच रविनाला मुलगा झाला. तिच्या नवऱ्याने, गोकुळने, आईला बोलावलं. गाडीचं भाडं पाठवतो म्हणाला. रूपलीबाईने त्या रात्री जेवण केलं नाही, पण गेलीही नाही. सगळ्या पाड्याचं बी तिच्या ओसरीवर होतं आणि वर पाहुण्याची वाट होती. नातवाचं तोंड तिने पाहिलं तेव्हा तो बसायला लागला होता. हे दुःख तिला अजून सलतं आणि ती ते कोणालाही सांगते.

तिसऱ्या वर्षी पावसाळा संपल्यावर वाघदेवाची पूजा झाली. या पूजेला वरपाड्यातल्या बाया जात नाहीत. पुरुष जातात, बकरं कापतात, तिथेच रांधतात, तिथेच जेवतात, उरलेलं घरी आणत नाहीत. त्या दिवशी वारा असा सुटला होता की चूल पेटेना. मग कोणीतरी आडोसा शोधला तो चौथ्या मचाणाचा, जांभळीजवळच्या. त्याच्या बुडाशी तीन दगड मांडले, आणि मोठं पातेलं दुपारभर रटरटलं. दुसऱ्या सकाळी रूपलीबाईला तिथे काळे दगड, राख आणि काजळी धरलेला सांगाडा दिसला. तिला राग आला का? छे. तिला भरून आलं. देवाच्या पंगतीला पाहुणाही बसला, असं तिला वाटलं. तिने ओल्या फडक्याने काजळी पुसली, दगड बाजूला केले आणि घरी आली. नंतर अर्शिया येऊन सगळी पानं उतरवून पुण्याला घेऊन गेली, तेव्हा हे सांगण्यासारखं काही आहे असं रूपलीबाईच्या ध्यानातही नव्हतं.

होळी जवळ आली आणि अर्शियाचा फोन आला. माय, एक खूण सापडली. पानामागून पान भोसकून गेलेली. खड्ड्यावरून विजेचा भार मोजावा तर थोडा, आणि घुसलीय अशी की एखादं फार जड काहीतरी असावं. असा साधा कण नसतो. सर स्वतः रोज भिंगाखाली बघताहेत. अजून पक्कं नाही, कोणाला सांगू नको.

रूपलीबाईने कोणालाच सांगितलं नाही. फक्त रविनाला सांगितलं. रविनाने गोकुळला, गोकुळने फडावरच्या झोपड्यांना, आणि तिथून ही बातमी गाडी पकडून धडगावला धनसिंगपर्यंत येऊन पोचली. धनसिंग म्हणजे वरपाड्याचा तरणाबांड पुढारी. त्याने वेळ न दवडता धडगावच्या जीपथांब्यावर फ्लेक्स लावला. 'आकाशातील पाहुणा वरपाड्यात! हार्दिक स्वागत!' खाली धनसिंगचा गॉगल घातलेला मोठा फोटो, बाजूला ग्रहतारे, आणि कोपऱ्यात रूपलीबाई, आधार कार्डावरचा फोटो मोठा केल्यामुळे जरा घाबरलेली.

बाजारात माणसं तिला थांबवून बघायला लागली. जीपवाला पुढची सीट द्यायला लागला. सलाउद्दीनने स्वतःच्या बसायच्या खुर्चीवर तिला बसवलं आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगू लागला की ही तीच. रूपलीबाईला हे सगळं आवडलं. नाही कशाला म्हणायचं? तीन वर्षं काठी टेकत वर गेली होती ती. शाळेच्या मास्तरांनी तिला वर्गात नेलं, तिने मुलांना तिसऱ्या धान्याची गोष्ट सांगितली, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

धनसिंगने त्या वर्षी काठी गावच्या होळीत बुध्या व्हायची मानता, म्हणजे नवस, घेतली होती. अंगावर राखेची नक्षी, कमरेला घुंगरं आणि दुधी भोपळे बांधून रात्रभर नाचायचं, आणि त्याआधी पालणी पाळायची. खाटेवर झोपायचं नाही, बाईला शिवायचं नाही, वाकडं बोलायचं नाही. पण त्याचं निम्मं लक्ष दुसरीकडे होतं. काठीला सातपुड्यातली सगळी गावं येतात. तिथे वरपाड्याचा ढोल पाहुण्याच्या पाड्याचा ढोल म्हणून पुढे राहील, असं त्याने आजूबाजूच्या गावांना सांगून टाकलं होतं.

वरपाड्यात फोनला रेंज एकाच जागी येते, उताराच्या कडेच्या मोहाच्या झाडाशी. तीही फोन हातात धरला की जाते. म्हणून फोन फांदीवरच्या टोपलीत ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि खाली उभं राहून बोलायचं. पाड्यात खाजगी फोन ही गोष्टच नाही. होळीला थोडे दिवस राहिले असताना अर्शियाचा फोन आला तेव्हा झाडाखाली धनसिंग होता, दिवाल्या होता, वाहरू होता, नुकतीच फडावरून आलेली रविना होती.

"माय, एक इचारनं शे," अर्शिया म्हणाली. "मचाणजोडे कधी काही तपनं का? शेकोटी, चूल, इस्तव?"

चूल ज्यांनी मांडली होती ते तिथेच उभे होते.

"तपेल ऱ्हायनं तं काय व्हई?" रूपलीबाईने विचारलं.

अर्शियाने सांगितलं, आणि काही लपवलं नाही. प्लास्टिकवरची जखम उबेने भरून येते, माय. पुरती नाही, थोडी. मग साध्या कणाने केलेली मोठी जखमही लहान दिसते, आणि आपल्याला वाटतं की कोणी वेगळाच येऊन गेला. कुठलं मचाण तापलं असेल, तर त्याच्यावरची खूण मोडीत.

धनसिंगने दोन्ही हात हलवून नाही म्हण, नाही म्हण अशी खूण केली. दिवाल्याने डोळे मिटून मान हलवली. वाहरू तिच्या कानाशी येऊन पुटपुटला की वहिनी, देवाच्या चुलीला कोणी विस्तव म्हणतं का. एक नाही म्हटलं असतं की पाहुणा आला होता. फ्लेक्स खरा होता, पुढची सीट खरी होती, तीन वर्षांच्या फेऱ्या आणि जन्मला तेव्हा न पाहिलेला नातू, सगळ्याचं सोनं होत होतं. विचारणारी पोर पुण्यात, आणि राख तर केव्हाच वाऱ्यावर गेली होती.

पण तिच्या डोळ्यांपुढे कणगी आली. अर्शिया या खुणेवरून पुढचं सगळं पेरणार होती. वर्षानुवर्षं तिच्यासारखी शिकलेली माणसं ते पीक राखत बसणार, आणि उगवणार काहीच नाही. किडकं बी चांगलं म्हणून हातावर ठेवायचं, हे तिने आयुष्यात केलेलं नव्हतं.

"पालनीमा शे ना रे तू?" ती धनसिंगकडे बघून म्हणाली. "आनि माले खोटं बोलाले लावस?" मग तिने फांदीकडे तोंड वर केलं. "पोरी, चवथं मचाण. जांभळीकडलं. वाघदेवनी चूल पेटाडेल व्हती त्यानाखाले. दुपारभर."

टोपलीतून अर्शियाचा आवाज आला, अगदी बारीक. "खूण बी त्यानाच पानेसवर शे, माय."

तेवढ्यात रेंज गेली.

फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी उतरला आणि धनसिंगच्या गोठ्यावर उलटा पसरला गेला. जीपवाल्याची पुढची सीट पुन्हा ज्याची त्याला मिळू लागली. काठीच्या होळीत आजूबाजूच्या गावांनी वरपाड्याच्या ढोलवाल्यांना पाहुणा कुठे उतरलाय म्हणून भंडावून सोडलं. धनसिंग नाचला, पण रूपलीबाईकडे त्याने पाहिलं नाही. पाड्यात काही जण म्हणाले की म्हातारीने पाड्याची अब्रू घालवली. रविना तेवढी तिच्या बाजूने भांडली, आणि मोठ्याने भांडली. रूपलीबाईला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण तिने मान खाली घातली नाही. होळीलाही चांदीचं कडं घालून, ताठ गेली.

उन्हाळा लागला तेव्हा अर्शिया आली, आणि तिच्याबरोबर पुण्याचे मोठे सर. सलाउद्दीन नवा सांगाडा घेऊन मागच्या जीपमध्ये. पाडा गोळा झाला. रूपलीबाईने सरांना पाणी दिलं आणि बोलणी खायच्या तयारीने समोर बसली.

"रूपलीबाई," सर म्हणाले, "तुम्ही सांगितल्यावर आम्ही प्रयोग करून पाहिला. साध्या लोखंडाच्या कणाची खूण असलेलं पान मुद्दाम तापवलं. खूण हुबेहूब तशीच झाली. म्हणजे तुमच्या मचाणावर आला तो नेहमीचाच कण होता." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी तर भाषण लिहायला बसलो होतो. जगापुढे तोंडघशी पडलो असतो."

अर्शिया खाली बघत होती. तिचं दुःख अजून ओलं होतं, ते रूपलीबाईला दिसलं. तिने पोरीचा हात धरून ठेवला.

सर पुढे म्हणाले की चौथ्याची पानं आम्ही बाजूला काढली. उरलेल्या तिन्हींवर तसलं काहीच नाही. पण हे ‘काहीच नाही’सुद्धा मोलाचं आहे. तीन वर्षं, एवढ्या उंचीवर, एवढ्या जागेत विचित्र द्रव्याचा कण पडला नाही, हे कळलं की जगभर शोधणाऱ्यांना कळतं की तो किती दुर्मीळ असला पाहिजे. ते आम्हाला छापायचं आहे, वरपाड्याच्या नावानिशी. पानांवरून तर वाटतंय की ही तिन्ही तापलेली नाहीत. तरी वाचणारे विचारतीलच. म्हणून मी स्वतः विचारायला आलो. बाकीच्या तीन मचाणांजवळ कधी विस्तव होता का?

रूपलीबाई उठली, सरांना घेऊन माथ्यावर गेली. पाडा मागोमाग. एकेका मचाणाशी ती थांबली, तीन वर्षांतली एकेक सकाळ आठवत असल्यासारखी. पहिल्याशी शेळी बांधली होती ते सांगितलं. नटबोल्टाचं सांगितलं. दुसऱ्यावर कावळ्याने घरटं सुरू केलं होतं, ते तिने काढलं, तेही सांगितलं. तिसऱ्याशी पोचल्यावर म्हणाली, "इस्तव नई. या तीन्हीसजोडे कधीच नई."

"बस," सर म्हणाले. "एवढं पुरे."

धनसिंगला राहवलं नाही. "सर, एवढं मोठं शास्त्र, आणि हिच्या नुसत्या सांगण्यावर? ही काय कुठे लिहून ठेवते का?"

सरांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "हिला खोटं बोलायचंच असतं, तर होळीआधी बोलली असती," ते म्हणाले. "तेव्हा खोट्यात फायदा होता, आणि तुम्ही सगळे तिच्या बाजूला होतात. जिने चौथ्याला हो म्हटलं, तिचं या तिन्हींबद्दलचं ‘नाही’ मी डोळे मिटून मानतो."

दिवाल्याने घसा खाकरला आणि जाहीर केलं की यापुढे वाघदेवाची चूल खाली ओढ्याकाठी मांडायची, देवाची काही हरकत नाही. वाहरू, जो उडदावरून कधीकाळी रुसला होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की माझी वहिनी आहे ती. धनसिंगने सलाउद्दीनच्या हातातून नवा सांगाडा घेतला आणि कोणी न सांगता खड्डा खणायला लागला. रूपलीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

पुढच्या बाजाराला ती धडगावला गेली. जीपथांब्यावर दुसऱ्या गावच्या बाया बसल्या होत्या. त्यांतल्या फुलवंताबाईने तिला ओळखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खोचकपणे विचारलं, "काय वं, उना का मंग तुमना पाव्हना?"

रूपलीबाईने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवले आणि थांब्यावरच्या गर्दीकडे पाहिलं.

"नई उना," ती म्हणाली. "आनि नई उना, हाई मी सांगं म्हनीसन दुनिया मानस."